सव्वीस खून आणि एक मासा

मला स्वस्थ बसता येत नाही, हे माझ्या बायकोचं मत आहे. ते तिने आमच्या लग्नाच्या दिवशी, चर्चच्या पायऱ्या उतरतानाच बनवलं आणि त्यात नंतर काही बदल केलेला नाही. मी स्वतः त्याला कर्तव्यदक्षता म्हणतो. कॉम्बरी नगरपालिकेत मी एकोणतीस वर्षं उपद्रव निरीक्षक होतो. हुद्द्याचं हे नाव ऐकून बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत. तुंबलेली गटारं, रस्त्यावर हिंडणारी डुकरं, एकाच्या धुराड्यातून दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाणारा धूर, हे सगळं मी निस्तरलं. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत मी घरातली तीन घड्याळं, दोन नळ आणि हेस्टरचं, म्हणजे बायकोचं, शिवणयंत्र दुरुस्त करून मोकळा झालो. त्यानंतर ते यंत्र शिवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी हेस्टरने टोपी माझ्या हातात दिली.

"अँब्रोज, गावात जा," ती म्हणाली. "काहीतरी शोध. काहीही चालेल."

मी शोधलं ते इन्स्टिट्यूटचं वाचनालय. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, दुपारी दोन ते पाच, मी तिथला मानद ग्रंथपाल झालो. मानद याचा अर्थ काम पूर्ण आणि मान अधूनमधून. दर नोव्हेंबरात सभासदांच्या बैठकीत ग्रंथपाल निवडतात आणि तीन वर्षं मलाच निवडत आले, कारण दुसरं कोणी उभं राहत नसे. ती खुर्ची गेली तर मी सोमवार ते रविवार घरीच असणार होतो. त्या बाबतीत हेस्टरने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की तसं झालं तर ती यॉर्कला बहिणीकडे राहायला जाईल आणि मला तिथून पत्र लिहील. तेव्हा ती खुर्ची माझ्यासाठी किती मोलाची होती हे वेगळं सांगायला नको.

आता लेटिस गॅरोवेबाईंबद्दल. महायुद्ध संपल्यापासून अठरा वर्षांत या बाईंनी चाळीस कादंबऱ्या लिहिल्या. सव्वीस खुनाच्या, चौदा ऐतिहासिक. आमच्या गावात त्यांना 'खूनवाल्या' आणि 'मुकुटवाल्या' म्हणतात. मुकुटवाल्या दर्शनी खोलीत, काचेच्या कपाटात. खूनवाल्या मागच्या खोलीत, सगळ्यांना सारखी तपकिरी कागदाची कव्हरं घातलेली, पाठीवर नुसता नंबर. गावातला प्रत्येक सभ्य माणूस मुकुटवाल्या वाचत असे, निदान तसं सांगत असे. खूनवाल्या कोणीच वाचत नसे. झिजायच्या मात्र त्याच. कोणी काय नेलं याची नोंद आम्ही ठेवत नाही. इन्स्टिट्यूटच्या संस्थापकांनी नियमच घालून दिलाय की माणूस काय वाचतो हे त्याच्यात आणि परमेश्वरात राहू द्यावं, ग्रंथपालाने फक्त 'एक पुस्तक' एवढंच लिहावं. मी स्वतः सव्वीसही वाचल्या आहेत. खुनी कोण हे मी बहुतेक वेळा शंभराव्या पानाआधी ओळखतो, आणि ओळखलं की समोरच्याला सांगून टाकतो. ज्ञान दडवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गॅरोवेबाईंचं पत्र आलं. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी, आमच्या वार्षिक बैठकीलाच, त्या येणार होत्या. आपलं एक्केचाळिसावं पुस्तक आपल्या हाताने वाचनालयाला देणार होत्या. मी ते पत्र वाचलं आणि तिथल्या तिथे उठून उभा राहिलो. बाई आल्या तर आपली पुस्तकं उघडून बघणारच. तेव्हा चाळीसच्या चाळीस पुस्तकं मी टेबलावर काढली आणि पानन् पान तपासायला बसलो.

त्या दुपारी जे दिसलं त्याने उपद्रव निरीक्षक म्हणून माझ्या अंगावर काटा आला. पुस्तकांत पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. वाचताना माझं लक्ष खुन्यावर असतं, त्यामुळे पानांच्या कडांकडे ते कधी गेलंच नव्हतं. एखाददुसरी नव्हे, शेकड्यांनी. चाळिसाव्या पानावर रेल्वेच्या सिग्नलचा हात. बाराव्या पानाच्या आकड्याखाली दोन टिंबं. कुठे किल्ली, कुठे त्रिकोण, कुठे चहाची किटली. सार्वजनिक मालमत्तेवर. आणि सगळ्याच्या सगळ्या खूनवाल्यांमध्ये. मुकुटवाल्या मात्र छापखान्यातून आल्या तशाच कोऱ्या होत्या, काहींची तर पानंही कापलेली नव्हती.

खात्यातला आमचा नियम असा, की कुठलाही उपद्रव हटवण्याआधी त्याची नोंद करावी. त्याप्रमाणे मी एका जाड वहीत प्रत्येक खूण, पुस्तकाचा नंबर आणि पान उतरवून घेतलं. मग खोडायला लागलो. इथे शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. पलीकडच्या घरातल्या मिस ट्रास्क, या हेस्टरच्या मैत्रीण, म्हणाल्या की रबराने कागद पातळ होतो. अलीकडचे मिस्टर नोक्स, हे रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नलवाले, म्हणाले की त्यांच्या ऑफिसात नकाशे कालच्या पावाच्या गराने पुसत. मला ते पटलं. सहा दिवसांत मी अकरा पाव वापरले. खुणा सुरेख गेल्या. पावाचा चुरा मात्र पुस्तकांच्या शिवणीत राहिला आणि सातव्या दिवशी उंदीर आले. उंदरांसाठी मी पाद्रीबाबांची मांजर आणली. मांजरीने उंदरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने मुकुटवाल्यांच्या कपाटात, तिसऱ्या हेन्रीच्या काळावर, चार पिल्लं घातली. तो खण आम्हाला पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत रिकामा करता आला नाही. पण पुस्तकं स्वच्छ झाली होती, आणि मी समाधानाने वाचनालय उघडलं.

पहिले आत आले मिस्टर नोक्स. मागच्या खोलीत गेले आणि पाव तास बाहेर आले नाहीत. मग आले ते हात हलवतच.

"मिस्टर टकेट," ते म्हणाले, "माझा सिग्नल कुठं गेला?"

"कसला सिग्नल?"

"हे बघा, माझं काम सोपं असतंय. पान चाळीस उघडायचं. सिग्नल दिसला तर वाचलेलं, परत ठेवायचं. सिग्नल नाय दिसला तर गाडी सोडायची. आज सव्वीसच्या सव्वीस लायनी मोकळ्या दाखवताय तुम्ही. असं करून अपघात होत्यात."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नावांवरून काही आठवायची सोय नव्हती. 'कोरडी छत्री', 'कोरडा रविवार', 'छत्रीखालचा पाहुणा', सगळी एकाच घरची वाटतात. गावाने अठरा वर्षं ही पुस्तकं खुणांवर वाचली होती. मी ती अठरा वर्षं पावाने पुसून टाकली होती.

मिस्टर नोक्स अंदाजाने नंबर नऊ घेऊन गेले आणि गुरुवारी परत आले. दोनशे अकराव्या पानावर त्यांच्या लक्षात आलं होतं की खून डॉक्टरने केलाय, आणि हे पुस्तक आपण याआधी तीनदा वाचलंय. त्यांच्यामागे आणखी आठ माणसं उभी होती. माझ्या अंगी असलेली मदतीची वृत्ती अशा वेळी उसळून येते. मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला पुस्तकाची आठवण करून द्यायला लागलो. "ज्यात माळी खुनी असतो ते वाचलंय का? नाही? बरं, ज्यात जुळ्या बहिणींतली धाकटी खुनी असते ते?" पाच वाजेपर्यंत मी सात खुनी गावात मोकळे सोडले होते. मला वाटलं होतं लोक आभार मानतील. पोस्टमास्तरांनी मला दाराशी गाठून सांगितलं की आपण अठरा वर्षांत कोणावर हात उगारलेला नाही आणि तो विक्रम मोडायची आपली इच्छा नाही.

शनिवारी कार्यकारिणीची तातडीची सभा बसली. अध्यक्ष मिसेस गॅदरकोल. या बी-बियाण्यांच्या व्यापाऱ्याच्या विधवा. कोटाला चांदीच्या माशाची पिन लावतात, आणि दर वर्षी खूनवाल्या वाचनालयातून काढून टाकाव्यात असा ठराव मांडतात.

"मला आनंदच आहे," त्या म्हणाल्या. "व्हिनेगरच्या बाटलीतून विष घालायला शिकवणारी पुस्तकं लोकांना सापडेनाशी झाली तर बरंच. पण गॅरोवेबाई येतील तेव्हा गावात भांडणं नकोत. मिस्टर टकेट, तुम्ही पुसलंत, तुम्ही परत काढा. बैठकीच्या आत प्रत्येक खूण ज्याची त्याला मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर ग्रंथपाल दुसरा बघू."

"दुसरा कोण आहे?" मी विचारलं.

"कोणीही चालेल," मिसेस गॅदरकोल म्हणाल्या. हेस्टरच्या 'काहीही चालेल'नंतर असे शब्द माझ्याबद्दल दुसऱ्यांदा वापरले जात होते, हे मला जाणवलं.

घरी येऊन मी जेवणाच्या खोलीत येरझारा घालायला लागलो. हेस्टर मोजे विणत होती. "यॉर्कच्या गाड्या किती वाजता असतात, नोक्सना विचारून ठेव," ती शांतपणे म्हणाली. मी त्याच संध्याकाळी अर्जाचा नमुना तयार केला. नाव, पत्ता, खुणेचं वर्णन, पान, आणि ही खूण माझीच आहे असं शपथपूर्वक निवेदन. वहीत खुणा होत्या, गावात माणसं होती. जोड्या लावायच्या, एवढंच काम.

पण खूण माझी म्हणायचं म्हणजे खूनवाल्या मी वाचतो असं लिहून द्यायचं. पहिला आठवडाभर मिस्टर नोक्स सोडले तर कोणी फिरकलंच नाही. मग जेवणाच्या सुट्टीत, रस्त्यावर कोणी नाही असं बघून पाद्रीबाबा आले.

"मी एका ओळखीच्या गृहस्थांतर्फे आलोय," ते म्हणाले. "त्यांची खूण किल्ली आहे."

"गृहस्थ राहतात कुठे?"

"चर्चच्या जवळ."

"किती जवळ?"

"तसे बरेच जवळ." पाद्रीबाबांनी खिडकीबाहेर बघितलं. "टकेट, अर्जावर त्यांच्याऐवजी मी सही केली तर चालेल का?"

मी चालेल म्हणालो. त्यांच्यानंतर मग रांगच लागली. त्रिकोणावर दोघांनी हक्क सांगितला, मिस ट्रास्क आणि पोस्टमास्तर. दोघांना समोरासमोर बसवून मी वही उघडली, आणि असं निघालं की अठरा वर्षं दोघंही त्रिकोणच काढत होते आणि दुसऱ्याचा त्रिकोण दिसला की आपणच वाचलंय समजून पुस्तक परत ठेवत होते.

"म्हणजे अकरा पुस्तकं," मिस ट्रास्क म्हणाल्या, "मी न वाचताच परत ठेवली?"

"माझी चौदा," पोस्टमास्तर म्हणाले. मग पोस्टमास्तर म्हणाले की मिस ट्रास्क यांची हरकत नसेल तर त्यांनी रविवारी आपल्याकडे चहाला यावं आणि कोणाकडून कोणती राहिली याची यादी करावी. त्या क्षणी माझ्यामुळे कोणाचं तरी भलं होतंय असं मला वाटलं, आणि ते तेवढंच.

बैठकीला आठ दिवस उरले तेव्हा वहीतल्या सगळ्या खुणांना मालक मिळाले होते. फक्त एकाला नाही. पन्नासाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक मासा. भाताच्या दाण्याएवढा, पण खवल्यांसकट. सव्वीसही खूनवाल्यांत, आणि त्यातल्या नऊ पुस्तकांत दोन दोन मासे. गावात सगळ्या सव्वीस वाचलेला माणूस मी एकटाच, अशी माझी समजूत होती. हा कोण दुसरा, जो माझ्याही पुढे जाऊन नऊ पुस्तकं पुन्हा वाचतो? मी विचारलं तेव्हा मिस ट्रास्क यांच्या हातून चमचा पडला, पण त्यांच्या हातून नेहमीच काहीतरी पडतं.

मग एका सकाळी दाढी करताना मला व्हिनेगर आठवलं. व्हिनेगरच्या बाटलीतलं विष अख्ख्या सव्वीस पुस्तकांत एकदाच येतं, नंबर सतरामध्ये, दोनशे तिसाव्या पानावर. खूनवाल्या हातातही न धरणाऱ्या मिसेस गॅदरकोल यांना ते कसं ठाऊक? आणि कोटाला पिन कशाची, तर माशाची. मी अर्धीच दाढी करून खाली आलो.

"सापडली," मी म्हणालो. "मासा म्हणजे मिसेस गॅदरकोल."

हेस्टरने किटली खाली ठेवली. "अँब्रोज, त्या माशाला सोड बाबा. एक खूण राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"खुर्ची जाणार आहे माझी. सगळ्या खुणा परत हव्यात. आणि माझी खुर्ची काढायला निघालेली बाईच जर चोरून खूनवाल्या वाचत असेल, तर ते सगळ्यांसमोर यायला नको?"

"आणि तिला ते नको असेल तर? माणसाला एखादी गोष्ट आपल्यापुरती ठेवावीशी वाटते."

"मला नाही वाटत."

"तुझं मला माहीत आहे," हेस्टर म्हणाली आणि टोस्टला लोणी लावायला लागली. तिचा आवाज जरा थकलेला होता. माझं लक्ष पुराव्याकडे असल्यामुळे मी त्याची फारशी दखल घेतली नाही.

मला मिसेस गॅदरकोल यांना रंगेहाथ पकडायचं होतं. दुपारी चहानंतर त्या खिडकीशी बसून वाचतात हे मी हेरलं. पुस्तक तपकिरी कागदाचं आहे की काचेच्या कपाटातलं, एवढं दिसलं तरी पुरे होतं. बुधवारी साडेतीन वाजता मी समोरच्या कुंपणामागे उभा राहिलो. पाऊस पडत होता. पुस्तक दिसत होतं, रंग दिसत नव्हता. मी एक पाऊल मागे सरलो, मान उंच केली, आणि शेजारच्या बागेतल्या, काकड्यांसाठी केलेल्या काचेच्या पेटीतून गुडघ्यापर्यंत खाली गेलो. आवाज इतका झाला की मिसेस गॅदरकोल यांनी खिडकी उघडली.

"मिस्टर टकेट, गटारं तपासताय का?"

"सवयीने," मी म्हणालो. काकडीवाल्यांनी नगरपालिकेत तक्रार केली. तक्रार उपद्रव या सदरात पडली. त्यामुळे गुरुवारी सकाळी माझ्याच जागेवर आलेला नवा निरीक्षक, ज्याला सहा महिने मी हाताला धरून शिकवलं, माझ्या दारात उभा राहिला. त्याच्या हातातला फॉर्म मीच एकोणीसशे बावीस साली आखलेला होता. आपलंच नाव 'उपद्रवाचे कारण' या रकान्यात, आपल्याच आखलेल्या ओळीवर बघणं फार जड जातं. त्याने नम्रपणे विचारलं की हा उपद्रव वारंवार होतो का. मागून हेस्टर म्हणाली, "रोज." मला सर्दी झाली होती, नाहीतर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. दोन दिवस छातीला मोहरीचा लेप लावून मी अंथरुणात तळमळत पडलो. सारखा भाषणाची जुळवाजुळव करत होतो.

शनिवार उजाडला. गॅरोवेबाई आल्या. इतकी माणसं मारणारी बाई उंच आणि करारी असेल असं मला वाटलं होतं. या बुटक्या, दमलेल्या, मऊ आवाजाच्या निघाल्या. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं की बूट काढून बसलं तर चालेल का. हेस्टर आणि मिस ट्रास्क चहा देत होत्या. सभागृह भरलं होतं. पाद्रीबाबा, पोस्टमास्तर, मिस्टर नोक्स, पहिल्या ओळीत काकडीवाले.

मिसेस गॅदरकोल उभ्या राहिल्या. "ग्रंथपालांनी सांगावं," त्या म्हणाल्या, "सगळ्या खुणा परत मिळाल्या का?"

"एक सोडून सगळ्या," मी म्हणालो आणि वही उघडली. हीच ती वेळ होती. चाळीसपैकी सव्वीस पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणात हे होतं. सगळे एका खोलीत जमतात आणि एक माणूस उठून बोलायला लागतो. मी मासा सांगितला, पन्नासावं पान सांगितलं, नऊ जोड्या सांगितल्या. मी व्हिनेगरपर्यंत आलो. "या व्यक्तीने," मी म्हणालो, "वर्षानुवर्षं आपल्याला एक सांगितलं आणि मनात एक ठेवलं. आपल्या अगदी जवळच्या माणसांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही. ती व्यक्ती आत्ता या खोलीत आहे आणि तिचं नाव..."

"खाली बस, अँब्रोज," मागून हेस्टर म्हणाली. "मासा माझा आहे."

तिच्या हातात चहाची मोठी किटली होती. ती तिने सावकाश टेबलावर ठेवली. मी सांगितल्याबरोबर खाली बसलो, आणि हे किती विरळ आहे ते गावाला माहीत आहे.

"नऊ तुम्ही दोनदा वाचल्या?" गॅरोवेबाईंनी विचारलं. त्या पहिल्यांदाच ताठ बसल्या होत्या. "कुठल्या?"

हेस्टरने नऊ नंबर न अडखळता सांगितले. "सहा नंबर पुन्हा वाचली नाही," ती म्हणाली. "त्यातला भाचा खुनी आहे असा शेवटपर्यंत संशय येत नाही म्हणतात. मला संशय घ्यायला वेळच मिळाला नाही. मी अठ्ठ्याण्णवाव्या पानावर होते आणि आमचे हे माझ्या कपात दूध ओतता ओतता म्हणाले, भाचा. एकोणीसशे वीस साल. त्या दिवशी मी ठरवलं की याला कळेल असं पुन्हा घरात वाचायचं नाही. बुधवारी चर्चमधली फुलं लावायला जाते म्हणून सांगते. जाते मिस ट्रास्ककडे. पुस्तकं तिच्या कार्डावर येतात."

"सोळा वर्षं फुलं?" मी म्हणालो.

"चर्चमध्ये फुलं कधी बघितलीस का तू?"

पाद्रीबाबा काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी चहा प्यायला घेतला. मला राग आला नाही. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं. गावात आपल्याएवढं वाचलेलं आणखी एक माणूस आहे याचा मी आठ दिवस शोध घेत होतो, कुंपणामागे भिजत होतो, आणि ते माणूस रोज माझ्या टोस्टला लोणी लावत होतं. चेकाळून तिला किती खुनी सांगितले असतील मी, तिने मान डोलावली असेल, आणि आतल्या आत एकेक पुस्तक माझ्यापासून वाचवलं असेल. वही मिटायची असते हेही मला सुचेना.

"सतरा नंबर," मिसेस गॅदरकोल मध्येच, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी दातांच्या डॉक्टरकडे बसले असताना वाचलं. शेवट राहिला. मला आत बोलावलं." त्या वर्षी त्यांनी आपला ठराव मांडला नाही.

मग मिस्टर नोक्स उठले. "ग्रंथपाल निवडायचाय ना? मग मला असं वाटतं," ते म्हणाले, "की समद्या गाड्या जिनं बघितल्यात आणि अठरा वर्षांत एकाचंही स्टेशन फोडलं नाय, अशा माणसाला त्या खुर्चीत बसवावं. मी मिसेस टकेट यांचं नाव सुचवतो."

मिसेस गॅदरकोल यांनी अनुमोदन दिलं. हात वर झाले. पाद्रीबाबांचा, पोस्टमास्तरांचा, मिस ट्रास्क यांचे तर दोन्ही. हेस्टरने माझ्याकडे बघितलं. ती हो म्हणालेली नव्हती, नाहीही म्हणालेली नव्हती, नुसती बघत होती. तीन वर्षं मी ज्या खुर्चीसाठी जीव टाकला ती माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. माझा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. गॅरोवेबाईंनी एक्केचाळिसावं पुस्तक हेस्टरच्या हातात दिलं आणि विचारलं की चहा उरलाय का.

मंगळवारी हेस्टर पावणेदोनला टोपी घालून बाहेर पडली. मी घरी. अडीचपर्यंत मी कोळशाची बादली दोनदा भरली, एकदा रिकामी केली. पावणेतीनला मी इन्स्टिट्यूटमध्ये रांगेत उभा होतो. माझा नंबर आल्यावर हेस्टरने एक्केचाळिसावं पुस्तक पुढे केलं.

"कोणाशी बोलायचं नाही," ती म्हणाली. "संपेपर्यंत नाही, आणि संपल्यावरही नाही."

"तू वाचलंस?"

"रविवारी. तू सर्दीने झोपला होतास."

ते एका निवृत्त न्यायाधीशाच्या खुनाचं होतं. काचघरात सापडतो, हातात झारी. स्वयंपाकीण आहे, धाकटा भाऊ आहे, बायको आहे. शुक्रवारी दुपारी मी शेवटचं पान मिटलं आणि माझ्या सर्वांगाला मुंग्या आल्या. मी पुलापर्यंत तीनदा जाऊन आलो. वाटेत मिस्टर नोक्स भेटले, त्यांनी हवामानाचं विचारलं, मी दात आवळून नुसती मान हलवली. काकडीवाल्यांकडे बघून तर जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. खुनी कोण ते मी इथेही सांगणार नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. हेस्टरने मटण वाढलं, बटाटे वाढले आणि समोर बसली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग बोल आता. माझ्याशी चालेल."

आणि मी बोललो. तीही बोलली. मला सुटलेल्या चार गोष्टी तिला दिसल्या होत्या, स्वयंपाकिणीच्या एप्रनचं तर मला सुचलंही नव्हतं. बटाटे गार झाले तरी दोघांच्या लक्षात आलं नाही. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण मी गप्प बसून ऐकतोय आणि हेस्टर हातवारे करत सांगतेय असं त्या टेबलाने आधी पाहिलं नसावं. मला फार बरं वाटत होतं. शेवटी मी विचारलं की तिला त्या खून झालेल्या न्यायाधीशाबद्दल काय वाटलं.

हेस्टरने थोडा विचार केला.

"माणूस स्वभावाने वाईट नव्हता," ती म्हणाली. "बोलायचा फार."